अनुभव धागा: खेळताना पोरांच्या डोक्याला-तोंडाला लागलं तेव्हा

परीक्षा संपल्या की रंकाळ्यापासून गल्लीबोळापर्यंत पोरंच पोरं, आणि रोज कुणाच्या तरी कपाळावर टेंगूळ. तुमच्याकडं काय घडलं, कसं लागलं, पुढं काय केलं ते लिहा. बागेचं, दवाखान्याचं नाव नको, भांडणं लागतात.

मंगळवारपेठकरीण: आमचा धाकटा झोक्यावर नव्हताच. ताईकडं बघत समोरनं पळाला आणि लोखंडी पाटाची कड भुवईवर बसली. रक्त एवढं की माझे पाय लटपटले. एक मावशी चहापूड घेऊन धावत आल्या. नको म्हटलं, स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरला आणि तसंच डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा दांडगा, एवढीशी खोकही भरपूर वाहते. चहापूड भरली असती तर आधी ती धुवत बसावं लागलं असतं.

दोन_पोरांची_आई: आमच्यातही झोका खेळणारी मजेत, मागनं ढकलणाऱ्याची हनुवटी फुटली. झोक्याभोवती कुंपण का घालत नाहीत कोण जाणे.

लाल_माती: वस्ताद आम्हाला कुस्तीआधी आखाड्याचा हौद खणायला लावायचे. ताक, तेल, हळद घालून कमावलेली माती, त्यात पोरगं पाठीवर आपटलं तरी हसत उठतंय. आणि इथं घसरगुंडीच्या पायथ्याला पेव्हर ब्लॉक! आमच्या कॉलनीत वर्गणी काढून वाळू टाकली. पण तीही तुडवून घट्ट होते, अधनंमधनं फावड्यानं उकरावी लागते. ते काम कुणालाच नको असतंय.

पेठेतला_डिफेंडर: पुतण्या आणि त्याचा दोस्त एकाच बॉलला हेडर मारायला उडाले, डोक्यावर डोकं. टेंगूळसुद्धा नाही. पण हा दर दोन मिनिटांनी विचारायला लागला, ‘काका, आपला गोल कुठला?’ रिक्षात उलटी. सीटी स्कॅनमध्ये काही आलं नाही, तरी डॉक्टरांनी मेंदूला हादरा बसलाय म्हणून सांगितलं. डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत खेळ बंद, मग हळूहळू सुरुवात. पोरं बाहेरनं हाका मारायची, आणि हा दारात मुसमुसत.

नवी_आई: लागल्यावर झोपू द्यायचं नाही म्हणतात, खरं का?

वॉर्डातली_सिस्टर: रडून दमलेलं पोर झोपणारच, झोपू दे. मधनं मधनं हाक मारून बघा. नीट जागं होईना, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी, नाका-कानातनं पाण्यासारखं काही येतंय, असं दिसलं तर 108 लावा नाहीतर सरळ सीपीआर, म्हणजे आपलं कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, गाठा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर यातलं काही नसलं तरी दाखवून घ्या.

मंगळवारपेठकरीण: दाताचं कुणी लिहिलं नाही. भाचीचा पुढचा पक्का दात सी-सॉच्या दांड्यावर आपटून मुळासकट निघाला. वहिनी तो साबणानं घासायला निघाल्या होत्या! डेंटिस्टनी फोनवर सांगितलं, मुळाला हात लावू नका, दुधात घालून लगेच या. अर्ध्या तासात पोचलो म्हणून परत बसवता आला.

नवी_आई: दुधाचा दात असेल तर?

मंगळवारपेठकरीण: तो परत बसवत नाहीत, खालच्या पक्क्या दाताला धक्का बसतो. हिरडीला काय झालंय ते मात्र दाखवून घे.