स्फेंज जमत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

अनुस्वार: उद्या सकाळी शेजारीण येतेय आणि स्फेंज मीच करणार असं तिला सांगून बसलेय. दोन घाणे वाया गेले. बाहेरून काळपट, आत कच्चं. काय चुकतंय? लवकर सांगा.

गूळपोळी: हे काय असतं?

अनुस्वार: मोरोक्कोतलं. यीस्टच्या पिठाचं तळलेलं कडं. कासाब्लांकात राहते मी, मागे लिहिलं होतं की!

निवांत_नाना: म्हणजे बालुशाहीच. वाटीभर मैद्याला पाव वाटी तुपाचं मोहन, दही, चिमूटभर सोडा. आच मंद. आमच्याकडे कधीच बिघडत नाही.

पांथस्थ: नाना, मोहन कशाला? स्फेंजमध्ये तूप, दूध, अंडं काही नसतं. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, संपलं. नावच अरबी 'इस्फंज'वरून, म्हणजे स्पंज. ताई, पाणी किती घातलंत?

अनुस्वार: लागेल तसं.

पांथस्थ: लागेल तसं म्हणजे किती? अर्धा किलो मैद्याला मी 400 मिली घालतो. पीठ हाताला चिकटलंच पाहिजे.

गूळपोळी: मग मेदूवड्यासारखं ओल्या हाताने भोक पाडायचं का?

पांथस्थ: अगदी तसंच. भोक जरा ताणून मोठं करायचं, तेलात मिटतं.

शंकासुर: अवांतर: जिलबीसुद्धा तिकडचीच. अरबी 'जलाबिया'. ट्युनिशिया-अल्जीरियात रमजानमध्ये आजही झलाबिया खातात.

निवांत_नाना: शब्द आला असेल तिकडून. जिलबी आपलीच.

शंकासुर: मठ्ठा आपला, नाना. जिलबी नाही.

अनुस्वार: जिलबीवर नंतर भांडा! पीठ फार चिकटत होतं म्हणून वरून मैदा घालून घट्ट केलं. साखर पाचच चमचे घातलीय.

पांथस्थ: साखर?? पिठात??

अनुस्वार: गोड पदार्थ आहे ना!

पांथस्थ: तिथेच फसलं. पीठ अळणी नाही, पण गोडही नसतं. साखरेमुळे रंग लवकर चढतो आणि आतलं शिजायच्या आधीच तुम्ही बाहेर काढता. वरून मैदा घातलात म्हणून जाळीही पडली नसणार. साखर किंवा मध खाताना वरून. तेल 180 अंशांच्या आसपास, एका वेळी दोन-तीनच सोडा.

अनुस्वार: नवं पीठ भिजवलं. तेवढ्यात शेजारणीचा निरोप: स्फेंज ती कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणतेय, ताडाच्या पातीत ओवून. मी फक्त पुदिन्याचा चहा करायचाय.

निवांत_नाना: मग बालुशाही करून ठेवा.