नाताळाला 14 दिवस उरलेत, घरची बिअर होईल काय?

टिळकवाडीकर (10 डिसेंबर, रात्री)
नमस्कार मंडळी. मडगावची मावशी सगळं बिऱ्हाड घेऊन सुट्टीला येणार, 24 ला संध्याकाळी बेळगावात पोचतील. यंदा आपल्या हातची बिअर त्यांच्यापुढं ठेवायची असं मनात घेतलंय. आठ बाटल्या बास. आजवर मी दह्यापलीकडं काही आंबवलेलं नाही. कुठली बिअर लवकर होते?

शहापूरचा_बंड्या
तीन वर्षं जर्मनीत होतो, तिथं घरी करायचो, म्हणून सांगतो. तुझं गणित बसत नाही. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, पाणी उकळण्यात एक दिवस जातो. मग 18-20 अंशांत आंबायला आठवडा ते दहा दिवस. त्यानंतर बाटलीत चिमूट साखर घालून फेस धरायला आणखी दोन आठवडे. गव्हाची बिअर त्यातल्या त्यात लवकर, कारण ती गढूळच पितात, निवळायची वाट बघायला नको. तरी तीन आठवडे धरच. लागर तर विसरूनच जा, ती थंडीत महिनाभर झोपलेली असते.

आणि दुसरं म्हणजे, कर्नाटकात 1965 चा अबकारी कायदा आहे. परवान्याशिवाय घरात बिअर करायला गेलास तर नाताळ हिंडलग्याच्या तुरुंगात काढशील, मावशी डबा घेऊन भेटायला येईल.

टिळकवाडीकर
😄 हिंडलगा नको ओ. मग काय करू?

खानापूरची_माई
आल्याची बिअर कर की. नावाला बिअर, पण फेस येतो, नाकात झिणझिण्या येतात आणि 14 दिवसांत बसते. आज रात्रीच सुरू कर, उद्यावर टाकू नको.

आधी विरजण. काचेच्या बरणीत दोन कप पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे साखर. आलं नुसतं धुवायचं, साल काढायची नाही, आंबवणारं जे काही असतं ते सालीवरच असतं. पाणी विहिरीचं असलं तर उकळून गार केलेलं. नळाचं असलं तर तेही उकळून गार कर, नाहीतर क्लोरीन त्या जिवांनाच मारतं. तोंडाला फडकं बांध. रोज एकेक चमचा आलं आणि साखर घालून ढवळ. बुडबुडे दिसले, वास आंबटगोड आला की जमलं. वर बुरशी धरली तर मात्र मोह न करता फेकून दे.

उन्हाळ्यात हे पाच दिवसांत होतं. आत्ता आपल्याकडं रात्री पारा 15 च्या खाली जातो, म्हणून आठ दिवस धर. बरणी कुठं ठेवायची विचारशील, तर तुझ्या घरात थंडीत इडलीचं पीठ जिथं फुगतं तिथं. आमच्याकडं बंबापासून दोन हात लांब, घोंगडीत गुंडाळून. बंबाला चिकटवून ठेवलीस तर यीस्ट शिजेल.

19 तारखेला पक्कं काम. सहा लिटरच्या मापानं 300 ग्रॅम आलं, 600 ग्रॅम साखर. दोन लिटर पाण्यात 15 मिनिटं उकळ, गाळ, बाकीचं गार पाणी घाल. पूर्ण कोमट झाल्यावर सहा लिंबं आणि दीड कप गाळलेलं विरजण. गरम असताना विरजण घातलंस तर आठ दिवस पाण्यात.

बाटल्या सोड्याच्या प्लॅस्टिकच्याच. आमची काचेची एक बाटली फडताळात फुटली होती, नशिबानं कुणी जवळ नव्हतं, पण काचा आठवडाभर सापडत होत्या. प्लॅस्टिकची बाटली बोटानं दाबून बघता येते: दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये. वर चार बोटं जागा सोड. 22-23 ला कडक होतील, एक रात्र गारठू दे, मग उघड, तेही हळूहळू, मोरीत धरून.

निपाणीकर_काका
माईंचं सगळं बरोबर, फक्त साखरेऐवजी अर्धी काकवी घाला. सगळी घालू नका, मग आल्याचा पत्ता लागत नाही. आणि 18 पर्यंत विरजण जागं झालं नाही तर हटून बसू नका. पावाचं कोरडं यीस्ट पाव चमचा, 21 ला घाला, दोन दिवसांत फेस. पावाचा वास थोडा येतो, मावशीला सांगू नका.

टिळकवाडीकर
एक अडचण. आमची आजी माळकरी. यात दारू होते काय?

खानापूरची_माई
थोडी होतेच बाळा, खोटं कशाला बोलू. बाहेर जितके दिवस राहील तितकी वाढते. आजीला आणि पोरांना देऊ नको. त्यांच्यासाठी आल्याचा तोच उकळलेला पाक विरजण घालायच्या आधी वेगळा काढ, लिंबू पिळ, वरून साधा सोडा. चवीत फार फरक नाही.

टिळकवाडीकर (26 डिसेंबर)
झालं की ओ! 17 ला सकाळी बरणीत बारीक बुडबुडे दिसले, बायको म्हणाली इडलीपिठाच्या डब्यालाच पोर झालं. अर्धी काकवी घातली, रंग चहासारखा आला. आठांतली एक बाटली मऊच राहिली, झाकण नीट बसलं नव्हतं बहुतेक. मावशीच्या यजमानांनी पहिली बाटली माझं न ऐकता एकदम उघडली, हॉलच्या पंख्यापर्यंत गेली. आजीचा सोडा सगळ्यांत आधी संपला, मोठ्यांनीच पळवला.

31 ला परत करायचं म्हणतोय. विरजण थोडं उरलंय, फ्रीजमध्ये टाकलंय. चालेल काय, माई?

खानापूरची_माई
चालेल. आजच बाहेर काढ, एक चमचा साखर आणि आलं घाल, दोन दिवसांत जागं होतंय. अन् झाकणं नवीन आण.