बारा सिटिंगमध्ये गोळ्या बंद? बायोफीडबॅकवाल्यांनो, जरा दमानं

कडक_भाकरी
कालपासून एक जाहिरातवजा पोस्ट फिरतेय: ‘बायोफीडबॅक आता जुळे सोलापुरात. बीपी, मायग्रेन, बद्धकोष्ठ, मुलांची एकाग्रता. बारा सिटिंगमध्ये गोळ्या बंद.’ खाली लोकांनी हात जोडलेत, पत्ता विचारलाय. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

ते यंत्र काही बरं करत नाही, ते दाखवतं. स्नायू किती आवळलाय, बोट किती गार आहे, नाडी श्वासाबरोबर कशी खालीवर होतेय, हे पडद्यावर दिसतं आणि माणूस ते बघत बघत सैल सोडायला शिकतो. शिकवणीच ती. घरी गृहपाठ केला नाही तर शिकवणीचं काय होतं, ते सांगायला नको. बीपीची गोळी तर या जोरावर स्वतःहून सोडायचीच नाही. दाब उतरला तरी डोस कमी करायचा तो लिहून देणाऱ्यानं.

एकाग्रतेचं बोलूच नका. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणाऱ्या चंचल मुलांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२१ साली आले. कुणाला खरं न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवणारं, आणि कुणाला दिखाऊ, हे ना मुलांना ठाऊक ना तपासणाऱ्यांना. दोन्ही गट सुधारले, फरक काही निघाला नाही.

सात_रस्ता
सुक्याबरोबर ओलंही जाळलंत. त्या यादीतल्या ज्या बद्धकोष्ठावर सगळे हसताहेत, तिथंच पुरावा सगळ्यात दणकट आहे.

काही जणांत कुंथताना गुदद्वाराचा स्नायू सैल पडायच्या ऐवजी उलट आवळतो. दार आतून लावायचं आणि बाहेरून ढकलायचं, तसलं. इसबगोल खाऊन ते उघडत नाही. इथं सेन्सरची नळी आत ठेवतात, पडद्यावर दोन रेषा येतात. कुंथल्यावर वरची, म्हणजे आतल्या दाबाची, चढली पाहिजे आणि खालची, स्नायूची, उतरली पाहिजे. मग ५० मिलिलिटर पाणी भरलेला फुगा बाहेर टाकायचा सराव. बहुतेक निरोगी माणसांना तो मिनिटभरात जमतो. पायाखाली पाट, पोटानं ढकलायचं, श्वास कोंडायचा नाही. दोन आठवड्यांनी एक, अशा चार ते सहा बैठका. २००६ साली इटलीतल्या १०९ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी ठळक सुधारणा फीडबॅकच्या गटात ८० टक्क्यांना, रेचकाच्या गटात २२ टक्क्यांना.

पण हे कुणाच्या हॉलमध्ये सोफ्यावर होत नाही. आधी मॅनोमेट्री, म्हणजे आतला दाब मोजायची तपासणी, करून स्नायू खरंच उलटा चालतोय हे दिसलं पाहिजे. नुसतं आतडंच मंद असेल तर या सरावाचा फारसा उपयोग नाही.

पहाटे_पाच
नाडीचं फीडबॅक म्हणजे शेवटी मिनिटाला सहा श्वास. तेवढ्याला हजारो रुपयांचं यंत्र! याला आपल्याकडे प्राणायाम म्हणतात. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच आलंय, जपमाळ ओढताना आणि मंत्र म्हणताना श्वास आपोआप सहाच्या आसपास येतो. आपलंच आपल्याला विकताहेत आणि आपण टाळ्या वाजवतोय.

सात_रस्ता
@पहाटे_पाच, सहा हा सरासरी आकडा झाला. साडेसहापासून साडेचारपर्यंत अर्ध्या-अर्ध्यानं उतरत प्रत्येक वेगावर दोनेक मिनिटं मोजायचं. ज्या वेगाला नाडीची लाट सगळ्यात उंच, तो त्या माणसाचा वेग. आणि ‘दीर्घ श्वास’ म्हटलं की लोक छाती फुगवून बसतात. हवा जास्त जाते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या, डोकं गरगर. श्वास सावकाश हवा, मोठा नव्हे. चार सेकंद आत, सहा बाहेर.

हो, नाडी मुळातच अनियमित असेल, एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) असेल, तर तो आलेख बघायचाच नाही. जुन्या मधुमेहात नसा गेल्या असतील तर लाट सपाटच राहते. पेशंटला वाटतं आपलंच चुकतंय.

हातमाग
मूळ पोस्टमधला फोटो नीट बघा. मे महिन्यातला सोलापूर, बाईंच्या बोटाला तापमानाचा सेन्सर आणि शेजारी कूलर फुल्ल!

मायग्रेनसाठी हात ऊबदार करायला शिकवतात, लक्ष्य साधारण ३५ अंश. आपल्याकडे पारा ४३ वर असताना बोट बसल्याबसल्याच तिथं असतं. शिकायचं काय? आणि कूलरची ओली हवा हातावर आली की आकडा पडतो, कूलर फिरवला की अंश-दोन अंश चढतो. लगेच ‘बघा, रिलॅक्स झालात.’ कूलर रिलॅक्स झाला!

कडक_भाकरी
😂 गार बोटांच्या रेनॉड आजाराची मोठी चाचणी २००० साली आली, त्यातही तापमानाचं फीडबॅक दिखाऊ फीडबॅकपेक्षा सरस ठरलं नव्हतं. तोही थंडीत बळावणारा आजार.

इलेक्ट्रोड_ताई
कूलरवर हसून झालं असेल तर उपायही ऐका. एसी २४ वर, पेशंट आल्यावर पंधरा मिनिटं नुसतं बसवायचं. सेन्सर बोटाच्या पेराच्या मऊ बाजूला, चिकटपट्टी उभी लावायची. गोल गुंडाळली की रक्त अडतं आणि आकडाच खोटा येतो. हाताखाली टॉवेल घ्या. सोलापुरात टॉवेलला काय तोटा!

हातमाग
सगळा दोष हवेचाच नाही. स्नायूच्या सेन्सरमध्ये घरच्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण घुसते. कूलरची मोटर, त्यात अर्थिंगच्या नावानं बोंब. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्मी गुणगुण तिथंच जाते.

इलेक्ट्रोड_ताई
आणि उरलेली कपाळावर असते, @हातमाग भाऊ. डोकेदुखीचा पेशंट बाम चोळून, तेल लावून येतो. कुणाच्या कपाळी विभूती. इलेक्ट्रोड धरतच नाही, आकडे नाचतात, आणि शिकवणारा म्हणतो ‘तुम्हाला फार ताण आहे.’ विचारून, स्पिरिटनं पुसून, सुकू देऊन मगच लावायचं. विड्या वळणाऱ्या बायकांचे खांदे मोजायचे तर मांडीवर सूप घेऊन, वळतानाच मोजा. खुर्चीत बसवलं की तो खांदा शहाण्यासारखा वागतो.

पहाटे_पाच
म्हणजे एसी हवा, अर्थिंग हवं, स्पिरिट हवं. प्राणायामाला सतरंजी लागते.

हातमाग
सतरंजीवर मॅनोमेट्री करून दाखवा, मग बोलू.

पहाटे_पाच
भाषा सांभाळा. मी आजारी माणसांची टिंगल केलेली नाही.

इलेक्ट्रोड_ताई
बरं बरं, पाणी प्या दोघंही. लघवी सुटण्याच्या तक्रारीत पहाटे_पाचांच्या बाजूनं एक पुरावा आहे. ब्रिटनमधल्या ६०० बायकांची २०२० ची चाचणी. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकवला तर वर यंत्र जोडून जास्तीचा फायदा दिसला नाही. बाईला नेमका स्नायू सापडला असेल तर यंत्राशिवाय भागतं.

पहाटे_पाच
चला, एक तरी मान्य केलंत. फुगा तुमचा, श्वास आमचा.

कडक_भाकरी
फुग्यापुरतं मीही मागे घेतो, @सात_रस्ता. ‘बद्धकोष्ठ’ हा शब्द त्या पोस्टवाल्यानं चुकून का होईना बरोबर घातला. आता त्याला खाली एवढंच विचारलंय: मॅनोमेट्री कुठं करता? तासाभरात दोन उत्तरं आली. एक, ‘मशीन इम्पोर्टेड आहे’. दुसरं, ‘हॉल एअरकूल्ड आहे’.