मूतखडा: लघवीतल्या प्रथिनांकडे दुर्लक्ष होतंय का?

कृष्णाकाठ:
खडा निघाला की घरात पहिली बंदी टोमॅटोवर. (त्यात खडा बनवणारं ऑक्झलेट फारसं नसतंच, पालकाची गोष्ट वेगळी.) आपण फक्त क्षार बघतो. पण निरोगी माणसाच्या लघवीतही कॅल्शियम ऑक्झलेट बहुधा विरघळण्याच्या मर्यादेपलीकडेच असतं, तरी बहुतेकांना खडा होत नाही. कारण स्फटिक अडवणारे घटक तिथं असतात. त्यातलं एक युरोमोड्युलिन, टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांनी १९५० साली दाखवलेलं. निरोगी लघवीत सर्वांत जास्त हेच प्रथिन. ते स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाही. त्याचं जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात कॅल्शियमचे स्फटिक साचले. मग आपल्या तपासण्यांत ते का नाही?

साधा_डॉक्टर:
आकडा कळून करायचं काय? हेच प्रथिन आम्लधर्मी, क्षार जास्त असलेल्या लघवीत स्वतःच गोळा होतं आणि मग खड्याला मदतही करू शकतं. ऑस्टिओपॉन्टिन हे लघवीतलं दुसरं प्रथिन स्फटिकांची वाढ रोखतं, तरी खड्यातही तेच सापडतं. त्यापेक्षा पाणी बघा. इटलीत बोर्घी यांच्या १९९६च्या चाचणीत भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना.

कृष्णाकाठ:
आणि त्या १२ टक्क्यांचं काय? प्रथिन दोन्ही बाजूंनी वागतं म्हणूनच ते कुणाच्या लघवीत कसं वागतं हे तपासायला हवं. आइसलँडमधल्या जनुकीय अभ्यासातही युरोमोड्युलिनच्या जनुकाचा खड्यांशी संबंध दिसलाय.

लॅबमधून:
एक सांगते. रिपोर्टवर 'प्रोटीन' पॉझिटिव्ह आलं तर खडा अडवणारं प्रथिन वाढलं असं कुणीही समजू नका. लघवीत बुडवायची ती तपासणीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पकडते, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. आणि पडलेला खडा फेकू नका, तपासायला द्या. युरिक ॲसिडचा निघाला तर उपचाराची दिशाच बदलते.

साधा_डॉक्टर:
ताई, अगदी बरोबर. कृष्णाकाठ, संशोधन व्हावंच. पण विदर्भातल्या उन्हात राबणाऱ्याला मी आज काय सांगू? अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, मीठ कमी करा, दूध बंद करू नका. युरोमोड्युलिनची गोळी नाही.

कृष्णाकाठ:
तो सल्ला मीही देतो. पण पाणी पिऊन, मीठ तोडूनही ज्यांना पुन्हा खडा होतो, त्यांना पुन्हा 'पाणी प्या' म्हणून परत पाठवणं मला पटत नाही. निदान त्यांच्यापुरती तरी ही तपासणी यायला हवी.