मदत हवी आहे: आयर्लंडमध्ये सार्वमत कधी घ्यावं लागतं?

युरोपीय करारांवरच्या सार्वमतांबद्दल अभ्यासमंडळात बोलायचं आहे, एका जागी अडलोय. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या क्रॉटी निकालापासून तिथे मोठ्या करारबदलांसाठी घटनादुरुस्ती, म्हणजेच सार्वमत लागतं, हे कळलं. युरोपीय संघाच्या रचनेत बदल करणारा लिस्बन करार लोकांनी जून २००८ मध्ये फेटाळला नि ऑक्टोबर २००९ मध्ये मंजूर केला, तेही माहीत आहे. पण २०१२ मध्ये वित्तीय करारावर (देशांच्या अर्थसंकल्पी तुटीला मर्यादा घालणारा युरोपीय करार) सार्वमत झालं आणि त्याच वर्षी युरोपीय स्थैर्य यंत्रणेचा (अडचणीतल्या युरो-देशांना कर्ज देणाऱ्या निधीचा) करार मात्र थेट संसदेतून गेला!

दुसऱ्याचं कारण आयरिश सर्वोच्च न्यायालयाच्या प्रिंगल निकालात मिळालं. पहिल्याबाबत ‘सर्व बाजू पाहता सार्वमत हवं’ या ॲटर्नी जनरलच्या (सरकारच्या कायदा सल्लागाराच्या) सल्ल्यापलीकडे काही हाती लागत नाही. राजकीय तर्क नकोत, इंग्रजी संदर्भ चालतील. वित्तीय करारातली नेमकी कोणती तरतूद आयरिश राज्यघटनेच्या आड येत होती?