मदत हवी आहे: मुलीची ॲलर्जी, शाळेतला डबा आणि इतर पालक

माझी मुलगी दुसरीत आहे. तिला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. चार वर्षांची असताना पहिल्यांदा त्रास झाला, तेव्हा काही मिनिटांत अंगभर गांध्या, सुजलेले ओठ, उलटी आणि छातीत घरघर. तेव्हापासून ॲड्रेनलिनचं पेन (अशा तीव्र त्रासात लगेच टोचायचं तयार इंजेक्शन) कायम जवळ असतं. एक शाळेतही दिलंय.

गेल्या महिन्यात वर्गशिक्षिकांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, की शक्यतो डब्यात शेंगदाणे नकोत. त्यावर "एकीसाठी सगळ्यांनी का बदलायचं?", "आमच्या लहानपणी नव्हतं असलं काही", आणि "थोडं थोडं दिलं की सवय होते". हे शेवटचं वाचून माझे हातपाय गार पडले. डॉक्टर देखरेखीखाली मोजून तसे उपचार करतात, हे खरं. पण वर्गात कुणी सहज घास भरवून पाहिला तर? एका आईने मात्र वेगळा मेसेज केला, की तिचा मुलगा मोजकेच पदार्थ खातो आणि त्यांतला एक म्हणजे शेंगदाणे. तिची अडचण मला कळते.

खरी काळजी पुढेच आहे. परवा मधल्या सुट्टीत मुलीचे ओठ खाजत होते आणि तिने बाईंना सांगितलंच नाही. घरी आल्यावर म्हणाली, "सांगितलं की सगळे म्हणतात, तुझ्यामुळे आमचा डबा बंद झाला." नशिबाने त्रास वाढला नाही.

म्हणून सरसकट बंदीचा आग्रह सोडावा असं वाटू लागलंय. त्यापेक्षा डबे वाटून खाऊ नयेत, खाल्ल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत (सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही) आणि शिक्षकांना पेन वापरता यावं, एवढं तरी व्हावं. सध्या पेन ऑफिसच्या कपाटात कुलपात असतं. बाई म्हणतात, "चुकीचं टोचलं गेलं तर? आधी ॲलर्जीचं सिरप देऊ." पण श्वास अडकत असेल तर सिरपची वाट पाहून चालत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन टोचायचं, लगेच रुग्णवाहिका बोलवायची, आणि तिला उभं करायचं नाही, चालवायचं नाही.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांना विचारते: इतर पालकांशी तुम्ही समोरासमोर बोललात की शाळेमार्फत? शिक्षकांची भीती कशी घालवलीत? डॉक्टरांकडून लेखी सूचना आणल्या तर शाळा ऐकते का? आणि मुलीने त्रास लपवू नये म्हणून तिच्याशी नेमकं काय बोलू?