अनुभव धागा: एमबीए आयटी, अॅनालिटिक्स आणि पुण्यातली ती दोन वर्षं

धंदा आणि तंत्रज्ञान दोन्ही एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुण्यात ज्यांनी केला, त्यांनी इथे जरूर लिहा. पॅकेजचे आकडे जाहिरातीत मिळतात. वर्गात काय शिकलात, ते कामात कुठे उपयोगी पडलं आणि पैशाची सोय कशी केलीत, हे वाचायला आवडेल. सुरुवात मी करते.

मी मेकॅनिकलवाली. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) एक संख्या आणि चलनावर दुसरी, म्हणून गाडी गेटवर अडायची. पुढे एमबीए आयटीला ईआरपीच्या (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) तासाला पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल या तिघांचा मेळ बसल्याशिवाय पैसे सुटत नाहीत हे शिकले, आणि त्या अडलेल्या गाड्यांचा अर्थ लागला. वर्गातली बीसीएची मुलं एसक्यूएलचे (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेतले) जॉइन, म्हणजे तक्ते जोडायच्या आज्ञा, चुटकीसरशी लिहायची, पण माल उतरल्यावर स्टोअर्समध्ये काय होतं ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी त्यांना स्टोअर्स समजावलं, त्यांनी मला एसक्यूएल शिकवलं. त्या दोन वर्षांत मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

एका सरांची अट होती: आधी जागेवर जाऊन बसा, मग रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते, लिहा. आमचा गट मार्केट यार्डात गूळ-भुसाराच्या एका गाळ्यावर गेला. गिऱ्हाईक उधारीवर पोती नेतं, पैसे सवडीने आणि तुकड्यातुकड्यांनी देतं, कुठल्या बिलापोटी ते सांगत नाही. दिवाणजी रक्कम त्याच्या खात्यावर जमा करतात आणि सगळ्यात जुन्या बिलापासून वळती करत जातात. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये जमेच्या नोंदीला बिल नंबर सक्तीचा ठेवला असता, तर त्यांना एकही नोंद करता आली नसती. हे स्लाइड बघून कळलं नसतं. आज बिझनेस अॅनालिस्ट म्हणून काम करताना मी आधी वही बघायला मागते.

वारजेकर
परीक्षेचं तेवढं सांगतो. मी दिली तेव्हा एमबीए सीईटीला 150 मिनिटांत 200 प्रश्न होते, चुकीला गुण कापत नव्हते, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. स्नॅपला (सिम्बायोसिसच्या प्रवेश परीक्षेला) 60 मिनिटांत 60 प्रश्न आणि चुकीला पाव गुण वजा. सराव वेगवेगळा करा.

लातूर ते लोहगाव
ताई, गाळ्याचं वाचून बरं वाटलं. मी पैशाचं लिहितो, कारण गावाकडची मुलं तिथेच अडतात. वडिलांची शेती, गहाण ठेवण्यासारखं काही नाही. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असले की झालं. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. तरी एका शाखेत मला तारण मागत राहिले. मी अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केला, लेखी उत्तर मागितलं, शेवटी दुसऱ्या बँकेत काम झालं. हप्ता शिक्षणानंतर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरा, मी शिकवण्या घेऊन भरलं. जुन्या करप्रणालीत त्या व्याजावर वजावटही मिळते.

कोडवाला
मी एमसीए, म्हणजे संगणकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केलेला. 2020-21 पासून तो अभ्यासक्रमही दोन वर्षांचा झाला, त्यामुळे आता वेळेचा फरक उरलेला नाही. ज्याला दिवसभर कोड लिहायला आवडतं त्याने तिकडे जावं. आवडत नाही आणि माणसांशी बोलायला आवडतं, तर एमबीए आयटी. शेजारच्या मुलाने काय घेतलं ते बघू नका.

शनिवार-रविवारची विद्यार्थिनी
मी बँकेच्या बॅक ऑफिसला. लग्नानंतर, मुलगी शाळेत जायला लागल्यावर सुट्टीच्या दिवशीच्या बॅचला प्रवेश घेतला. सासूबाईंनी शनिवार-रविवारचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला, म्हणून जमलं. त्यांचं ऋण मोठं आहे.

2016 मध्ये यूपीआय आलं, आणि पुढे वापर वाढला तशी आमच्याकडे न जुळलेल्या व्यवहारांची यादी लांबत गेली: एका खात्यातून रक्कम गेली, समोरच्याला पोचली नाही. आम्ही ती हाताने जुळवायचो. व्यवहार एका सिस्टिमकडून दुसऱ्या सिस्टिमकडे जाताना उत्तर वेळेत आलं नाही तर काय होतं, हे वर्गात आकृती काढून शिकवलं तेव्हा यादीतली प्रत्येक ओळ ओळखीची वाटली. प्रकल्पात बँकेचा डेटा वापरता येत नव्हता, म्हणून तशीच नमुन्याची यादी बनवून जुळणीचे नियम लिहिले. आता ऑफिसात तेच काम माझ्याकडे आहे, आणि यूएटीच्या (नवं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तपासून बघायच्या) वेळी मलाच बोलावतात. ग्राहकाचे अडकलेले पैसे लवकर परत जातात याचा मला फार आनंद होतो.

टीवायबीकॉम
कॉमर्सवाल्यांना जमतं का? कोडिंगची भीती वाटते.

धागाकर्ती
जमतं गं. पदवी कुठलीही चालते, 50 टक्के हवेत, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना 45. जमा-नावे तुला येतं, ते आमच्यातल्या कित्येक इंजिनिअरांना नव्याने शिकावं लागलं. प्रवेशाआधी एक्सेलमधलं पिव्होट आणि एसक्यूएलमधलं सिलेक्ट, ग्रुप बाय, जॉइन एवढं कर. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर लागणार असेल तर अर्ज आत्ताच टाक, प्रवेशफेरीच्या तोंडावर त्या कागदांसाठी फार धावपळ होते.